हळू वाजणारा बँड

धुळे,
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

काय भो, कसा आहेस? हे फोनवर सांगून जमणार नाही, म्हणून लिहितोय.

काल इथे पोलीस बँडचा कार्यक्रम ऐकला. आपल्याला बँड म्हणजे जनरेटरची गाडी, बँजो आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे धुळीत नाचणारे मामे! इथे माईकसुद्धा नव्हता. थंडी कडाक्याची. थंडीत पितळेचा सूर उतरतो, म्हणून वादक आधी नळ्यांत नुसती ऊब फुंकत बसले होते.

मग ‘राडेट्झकी मार्च’. थोरल्या योहान श्ट्राऊसची 1848 मधली रचना. व्हिएन्नात लोक तिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवतात. बँडमास्तरांनी आमच्याकडे वळून आता हळू, आता जोरात अशा खुणा केल्या. आपल्या लोकांनी पहिल्या टाळीलाच वरातीचा वेग धरला. मास्तरांनी हात टेकले. मागून एक आजोबा म्हणाले, “भारी वाजाडी राहिनात भो!”

पण खरं सांगायचंय ते देस रागाचं. ट्रम्पेटला तीन कळा. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका, तिसरीने दीड. म्हणजे सगळ्या पायऱ्याच. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड आणायची कुठून? चढताना शुद्ध निषादापर्यंत ट्रम्पेटं गेली आणि थांबली. उतरताना कोमल निषाद घेतला तो ट्रॉम्बोनने. त्याला कळा नाहीत, सरकती नळी. एका जाडजूड हवालदाराने ती इतकी सावकाश ओढली, की पुढच्या रांगेतलं रडकं पोरही गप्प झालं. पितळ एवढं हळू वाजतं हे मला चाळिशीत कळलं बघ. संपल्यावर त्याने खालची चावी दाबून नळीतलं पाणी मातीवर झटकलं. रुपयाएवढा ओला डाग.

तेव्हा आपली 26 जानेवारी आठवली. सरांची काठी उठायच्या आत मी बिगुल फुंकला होता, आणि तू माझी लाज झाकायला लगेच ड्रम बडवायला लागलास. सर तुलाच बोलले. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलंच नाही.

रात्री माळ्यावरून बिगुलाचं तोंड शोधून काढलं. हिरवं पडलं होतं, चिंचेने घासलं. फुंकून पाहिलं तर शेजारचं कुत्रं उठलं.

आखाजीला येशील ना? ड्रमच्या काड्या असतील तर घेऊन ये.

तुझा,
बाळ्या