परत येणारी लाट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, "इतक्या लांब जाऊन नेमकं शोधतोयस काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. पाण्यावरची एकटी लाट दोन्हीकडे अगदी पूर्ण शांत होते का, हे शोधतोय. पण सुरुवात लंबकापासून करतो.

कडक दांडीचा, घर्षण अजिबात नसलेला एक लंबक डोळ्यांसमोर आणा. तो उलटा, डोक्यावर उभा आहे. किंचित कलंडतो, एका बाजूने खाली येतो, तळाशी त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, मग दुसऱ्या बाजूने चढत पुन्हा उभा राहायला जातो. पूर्ण उभं राहायला अनंत काळ लागतो; निघतानाही तेवढाच लागलेला असतो. ज्या समतोलातून निघाला त्याच समतोलाकडे परतणारा हा मार्ग म्हणजे होमोक्लिनिक कक्षा. आणि याची फिल्म उलटी फिरवून आरशात पाहिलीत तर मूळ फिल्मच दिसते. अशी सममिती असलेल्या प्रणालीला रिव्हर्सिबल म्हणतात.

या सममितीने काम निम्मं होतं. इथे आरसा म्हणजे ही सममिती ज्यांना जागचं हलवत नाही त्या स्थिती; लंबकासाठी तळाच्या. कक्षा एकदा आरशापर्यंत पोचली की उरलेला अर्धा भाग आरसाच पुरा करतो. प्रणालीची स्थिती सांगायला चार आकडे लागत असतील, तर त्या चार मितींच्या अवकाशात समतोलातून बाहेर पडणाऱ्या कक्षांचा पृष्ठभाग दोन मितींचा असेल आणि आरसाही दोन मितींचा, तर दोन अधिक दोन चार: ते एका बिंदूत आरपार छेदू शकतात, आणि प्रणाली जराशी बदलली तरी तो छेद टिकतो.

१८३४ साली जॉन स्कॉट रसेल यांनी एडिंबरोजवळच्या कालव्यात पाण्याचा एकच उंचवटा पुढे सरकताना पाहिला आणि घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. त्या लाटेचा आकार लिहिताना कालव्यातलं अंतर हाच आपला 'काळ' होतो. दोन्ही टोकांना शांत पाणी, मधे उंचवटा. म्हणजे पुन्हा होमोक्लिनिक कक्षाच!

माझा प्रश्न पृष्ठताण थोडा, पण शून्य नसतानाचा आहे. तेव्हा शांत पाण्याच्या समतोलातच एक बारीक कंपन शिरतं आणि बाहेर पडणारा मार्ग एकाच मितीचा उरतो. एक अधिक दोन तीन, चार नाही. गाठ पडण्याची आशा धरू नये. तरी नॉर्मल फॉर्म म्हणतो, पडते. नॉर्मल फॉर्म म्हणजे चलं हुशारीने बदलून समीकरणातली अनावश्यक पदं एकेक करून काढून टाकणं. ही वाट फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी दाखवली. कितीही पदांपर्यंत जा, उंचवटा दोन्हीकडे स्वच्छ शांत होताना दिसतो, कारण छाटलेल्या समीकरणात कंपन वेगळं पडतं आणि मूळ प्रणालीत नसलेली एक जादा सममिती येते.

खऱ्या प्रणालीत शेपटाला तरंग उरतात. एप्सिलॉन हा छोटा आकडा धरला, तर त्यांची उंची ई चा (म्हणजे सुमारे २.७१८ या स्थिरांकाचा) उणे एक भागिले एप्सिलॉन एवढा घात, अशा तऱ्हेची असते. एप्सिलॉन ०.०१ असेल तर दशांशचिन्हानंतर ४३ शून्यं, मग पहिला अंक! एप्सिलॉनच्या घातांच्या कुठल्याही मालिकेला हे दिसूच शकत नाही. २००० साली गणितज्ञ एरिक लोम्बार्दी यांच्या ग्रंथात याची काटेकोर सिद्धता आली: इतक्या चिमुकल्या तरंगांकडे परतणाऱ्या कक्षा असतात, खुद्द शांततेकडे परतणारी सहसा नसते.

बाबा, त्या 'सहसा' या शब्दापाशी मी बसलोय. त्या घाताच्या आधी एक गुणक येतो. तो शून्य झाला, तर लाट खरोखर शांत होण्याची शक्यता उरते. प्रणालीतला एक आकडा हळूहळू बदलत मी तो गुणक मोजतोय. काल रात्री त्याचं चिन्ह धनाचं ऋण झालं, म्हणजे मधे कुठेतरी तो शून्य झाला असावा. आज सगळं दुप्पट अचूकतेने पुन्हा मोजायला लावलंय.

आईला नमस्कार सांगा.

तुमचा,
बाळ