दादाच्या निमित्ताने

सातारा,
६ जानेवारी

प्रिय दिलीप,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ काही सुचेना. दादाला प्रोस्टेटचा कॅन्सर! तो अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले, त्या ओळीला जरा जीव भांड्यात पडला. आमच्या आबांच्या नशिबात तेवढंही नव्हतं.

आबा शेवटी शेवटी कंबर धरून बसायचे, आठवतं ना? आम्ही निर्गुडीच्या पाल्याने शेकत होतो, तेल चोळत होतो. मूत्राशयाखालच्या त्या अक्रोडाएवढ्या ग्रंथीतला रोग कधीच हाडांत उतरला होता. रात्री चार-चार वेळा उठायचे, पण आईलासुद्धा कधी बोलले नाहीत. लघवीचं कुणाला काय सांगायचं, ही लाज. ते मला अजून सलतं, म्हणून तुला सगळं उघड लिहितोय.

आणि 'मला काही त्रास नाही' असं तू लिहिलंस, त्यावर विसंबू नकोस. वारंवार उठावं लागणं बहुतेकांना वयानुसार वाढलेल्या साध्या ग्रंथीमुळे होतं. कॅन्सर सुरुवातीला बहुधा गप्पच असतो.

आता ती कॅप्सूल. दादाचं कळल्यापासून तू ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटची कॅप्सूल रोज घेतोस म्हणे, हा आजार होऊ नये म्हणून. दिलीप, आजपासून बंद कर. आबा गेल्यावर मीही वर्षभर तीच घेत होतो, त्यामुळे तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. पण अमेरिका-कॅनडात २००१ पासून ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर नेमकी हीच परीक्षा झाली. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दोन्ही तपासली. उपयोग दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे २०११ मध्ये कळलं की नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर उलट १७ टक्क्यांनी जास्त निघाला! हे वाचलं त्या दिवशी मी उरलेली पाकिटं फेकून दिली. टोमॅटोने हा रोग टळतो म्हणतात, तेही खात्रीने सांगता येत नाही. सार आवडतं तर खुशाल पी.

तुझी विडी मात्र सुटायलाच हवी. ओढणाऱ्यांना हा रोग झाला तर त्यातून दगावण्याचा धोका जास्त असतो. पोट सुटलेल्यांत त्याचा आक्रमक प्रकार अधिक दिसतो. संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर चढायचो तसे पुन्हा चढूया.

सख्ख्या भावाला झाला की आपला धोका दुपटीच्या आसपास जातो. तू ५२ चा, म्हणजे पीएसएच्या (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाच्या) रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झालेलीच आहे. आकडा ४ च्या वर आला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. जंतुसंसर्गाने, साध्या वाढीनेही तो चढतो. पुन्हा तपासतात, एमआरआय करतात, मग गरज पडली तर ग्रंथीचा बारीकसा तुकडा तपासायला काढतात. युरोपात १ लाख ८२ हजार पुरुषांच्या अभ्यासात अशा तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याची दुसरी बाजूही आहे: कधीच त्रास न देणारे संथ कॅन्सरही यात सापडतात आणि माणूस उगाच ऑपरेशनपर्यंत जातो. म्हणून तसा निघाला तर घाई न करता नुसती नजर ठेवायची का, हे विचारायचं.

अजून एक. तुझी धाकटी आत्या चाळिशीत स्तनाच्या कॅन्सरने गेली ना? ते दादाच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला दोष असला तर दोन्ही आजारांचा धोका वाढतो, आणि तो बापाकडून लेकीकडेही जाऊ शकतो. सोनूसाठी हे कळलेलं बरं.

शनिवारी ये. माझंही यंदा पीएसएसाठी रक्त द्यायचं राहिलंय; आधी डॉक्टरांशी बोलू, मग दोघं मिळून देऊ. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. फक्त गुरुवार-शुक्रवार मळ्यात सायकलवरून जाऊ नकोस, त्यानेही आकडा वर जाऊ शकतो. वहिनींनाही घेऊन ये, जेवण आमच्याकडेच.

तुझा,
वसंता