केशवराव दाते यांचा अभिनय मूळ चौकटीत दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' (१९३७) कुठे दाखवला गेला की त्यावर लिहून येतं ते शांता आपटे यांनी साकारलेल्या नायिकेबद्दल, नीरेबद्दल, आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाबद्दल. दोघांचंही कौतुक रास्त आहे. पण नीरा ज्यांच्यापुढे हट्टाने उभी राहते, ते काकासाहेब साकारणारे केशवराव दाते एका वाक्यात उरकले जातात आणि कधी कधी ते वाक्यही चुकतं. शिवाय आज हा चित्रपट बहुतेक ठिकाणी ज्या स्वरूपात दाखवला जातो, त्यात दात्यांनी केलेलं काम धड दिसत नाही आणि धड ऐकूही येत नाही. हे दोन्ही दोष दुरुस्त करता येण्यासारखे आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी नावाचा घोळ. मराठी रंगभूमीवर एकाच काळात तीन केशवराव होते. ललितकलादर्श नाटक कंपनीचे गायक नट केशवराव भोसले (१८९०–१९२१), संगीतकार केशवराव भोळे (१८९६–१९७७) आणि गद्य नट केशवराव दाते (१८८९–१९७१). भोसले बोलपटांपर्यंत पोचलेच नाहीत. भोळे आणि दाते मात्र 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेतही एकत्र होते आणि 'कुंकू'तही. एक संगीत देणारे, दुसरे भूमिका करणारे. त्यामुळे नुसतं 'केशवराव' लिहिलं की पुढच्या लेखात एकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जातं. आडनाव प्रत्येक वेळी लिहावं, एवढा साधा उपाय आहे.

दाते घडले ते महाराष्ट्र नाटक मंडळीत. ही गद्य नाटकं करणारी कंपनी होती, आणि त्यांचा पुढचा सगळा अभिनय समजायला हे ध्यानात घ्यावं लागतं. संगीत नाटकातला नट भाषणात कमी पडला तरी पद रंगवून प्रयोग सावरू शकत असे. गद्य नटाला ती सोय नव्हती. खाडिलकरांच्या, गडकऱ्यांच्या नाटकांतली पल्लेदार वाक्यं ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची, तीही अर्थ न सांडता. त्यासाठी श्वास कुठे घ्यायचा हे तालमीतच ठरवावं लागे. श्वास चुकीच्या जागी तुटला तर वाक्याचा जोर भलत्याच शब्दावर पडतो. आणि तो पुरलाच नाही, तर नट शेवटचे दोन-तीन शब्द गिळतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गिळलं जातं ते नेमकं वाक्याचा निर्णय सांगणारं क्रियापद. दात्यांचं बोलपटातलं कोणतंही लांब भाषण या दृष्टीने ऐकावं. त्यांचा शेवटचा शब्द पडत नाही. आवाज खाली आणतात तेव्हाही तो स्पष्ट असतो.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांची सुरुवात स्त्री भूमिकांनी झाली, मग पुरुष भूमिका आल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं, तेव्हा दाते चाळिशी ओलांडलेले, मुरलेले नट होते. त्या नाटकाने पदांची गर्दी कमी केली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या आणि बोलणं घरातल्या बोलण्याच्या पट्टीत आणलं. पल्लेदार भाषणांवर पोसलेल्या नटाने त्या वयात पट्टी बदलणं अवघड असतं. दात्यांनी ती बदलली, आणि पुढच्याच वर्षी ते कॅमेऱ्यासमोर उभे होते. रंगभूमीवरून आलेले अनेक नट सुरुवातीच्या बोलपटांत मायक्रोफोनपाशीसुद्धा शेवटच्या रांगेसाठी बोलताना दिसतात. दात्यांच्या कामात हा दोष फारसा सापडत नाही, याचं एक कारण मला या नाटकाच्या तालमींत दिसतं.

'अमृतमंथन' (१९३४) हा प्रभातने पुण्याच्या स्टुडिओत केलेला पहिला चित्रपट. प्रभात एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित करत असे. सेट तोच, प्रकाशयोजना बहुधा तीच, काही नटही तेच, पण महत्त्वाच्या भूमिकेत कधी कधी नट बदललेला. 'अमृतमंथन'च्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झाले चंद्रमोहन, आणि त्यांच्या डोळ्यांचे क्लोजअप गाजले. मराठी आवृत्तीतले राजगुरू केशवराव दाते. आज चित्रपटाचं मराठी नाव लिहून छायाचित्र चंद्रमोहन यांचं छापलेलं आढळतं, आणि मराठीतला राजगुरू विस्मरणात जातो. असंच 'शेजारी'चं (१९४१) होतं. मराठीत दोघा शेजारी मित्रांपैकी हिंदू जिवबाची भूमिका दात्यांची, तर हिंदी 'पडोसी'त त्या जागी मजहर खान. मिर्झा मात्र दोन्हींत गजानन जागीरदारच. जागीरदारांचा जन्म १९०७चा, दात्यांचा १८८९चा. वयात अठरा वर्षांचं अंतर असलेले हे दोघे पडद्यावर समवयस्क म्हातारे मित्र वाटतात. जागीरदारांना म्हातारपण संपूर्ण रचावं लागलं होतं. दात्यांना उलट आपला ज्येष्ठपणा आवरावा लागला, नाहीतर मैत्री पडद्यावर थोरला आणि धाकटा अशी दिसली असती. दोघांची चाल आणि बसण्या-उठण्याचा वेग शेजारी शेजारी ठेवून पाहिला की हा तोल किती कष्टाने साधलाय ते कळतं.

आता 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. तरुण मुलीशी फसवणुकीने लग्न करणारा विधुर वकील, ही काकासाहेबांची भूमिका. चित्रीकरणाच्या वेळी दाते पन्नाशीच्या आतच होते. भूमिका करण्याचे दोन सोपे मार्ग उघडे होते. एक, दुष्ट थेरडा. दुसरा, मिशांना कलप लावणारा हास्यास्पद बुढ्ढा. दात्यांनी दोन्ही टाळले. काकासाहेब स्वतःला सभ्य, सुशिक्षित समजतात आणि त्यांचं तसं समजणं खोटं नाही, म्हणूनच नीरेच्या नकाराचा घाव त्यांना लागतो. आरशापुढचे प्रसंग पाहा. प्रेक्षकांना हसू येईल अशी कृती चालू असते, पण नट हसवण्यासाठी काहीच करत नाही. तो आरशात गंभीरपणे पाहतो, आणि ते हसू प्रेक्षकाच्या घशात अडकतं. काकासाहेब नुसते खलनायक असते तर नीरेचा लढा सोपा झाला असता आणि त्यांच्या आत्महत्येने कोणी हललं नसतं. नीरेच्या भूमिकेला जी उंची आहे तिच्यात समोरच्या नटाचा वाटा मोठा आहे. शांता आपटे यांचं श्रेय त्याने तसूभरही कमी होत नाही.

हे सगळं चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींत आहे, आणि तिथेच आजचं प्रक्षेपण घात करतं. त्या काळच्या बोलपटांच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट. आजचा पडदा १.७८ पट रुंद. मोकळी जागा नको म्हणून दोनपैकी एक गोष्ट केली जाते. एक तर चित्र आडवं ताणतात. मग प्रत्येक चेहरा सुमारे तीस टक्के रुंद होतो. दात्यांचे गाल सुजल्यासारखे दिसतात आणि भिवईची किंचितशी हालचाल सपाट होते. नाहीतर वरून-खालून कापतात; मग उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. त्यात आधी हात जातात. गद्य नटाचा अर्धा अभिनय हातात असतो, आणि दाते हात छातीच्या खाली, कमरेच्या आसपास ठेवून वापरतात. कात्री नेमकी तिथे चालते.

योग्य मांडणी कशी हवी तेही सांगतो. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर चित्र मधोमध साधारण १४८० पिक्सेल रुंद असावं आणि दोन्ही बाजूंना २२०-२२० पिक्सेलचे काळे पट्टे असावेत. ते पट्टे म्हणजे दोष नव्हे. पाहणाऱ्याला मोजमापाची गरज नाही: 'कुंकू'त भिंतीवरचं घड्याळ आहे, त्याची तबकडी गोल दिसली तर चित्र बरोबर, आडवी लंबगोल दिसली तर ताणलेलं. घरी असं दिसलं तर रिमोटवर चित्राच्या आकाराचा पर्याय ४:३ करून पाहावा, म्हणजे बहुतेक वेळा काम भागतं. प्रक्षेपणच कापलेलं असेल तर मात्र घरून काही करता येत नाही. थिएटरात फिल्मवरून दाखवताना प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे प्रकाश फिल्ममधून जातो त्या खिडकीत, चौकटीच्या मापाची १.३७ची पट्टी आणि तिला जुळणारं भिंग लागतं. १.८५ची पट्टी राहून गेली तर नटांची कपाळं कापली जातात. श्रेयनामावलीतल्या सगळ्यात वरच्या किंवा खालच्या ओळी अर्धवट दिसल्या की पहिल्याच मिनिटात हे ओळखता येतं, आणि तेव्हाच थांबवून बदलावं.

आवाजाचं दुखणं याहून अवघड. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण एरवी कानावर येतात ते प्रसंगातलेच आवाज: घड्याळ, पावलं, दार, भांडी. हे शांताराम आणि भोळे यांनी जाणीवपूर्वक केलं. त्यामुळे दात्यांच्या दोन वाक्यांमधली शांतता रिकामी नाही, त्यात त्यांचा श्वास आहे. जुन्या ध्वनिपट्टीत खरखर असतेच. ती काढण्यासाठी यंत्र एका पातळीखालचा सगळा आवाज बंद करतं, तेव्हा खरखरीबरोबर श्वास आणि घड्याळाची टिकटिकही जाते. वाक्य संपलं की एकदम ठार शांतता, पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा खरखर, असं ऐकू आलं तर हेच झालंय समजावं. खरखर जरा जास्त राहिली तरी चालेल, पण ती सलग असू द्यावी. कान पाच मिनिटांत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. काही संक्षिप्त फितींना नवं संगीत चिकटवलेलं असतं. 'कुंकू'च्या बाबतीत तो सरळसरळ कलाकृतीचा भंग आहे.

तिसरी बाब वेगाची. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी होत्या, आणि त्यासाठी केलेल्या नकला सुमारे चार टक्के जलद चालतात. आवाजाचा सूर एका अर्धस्वराच्या पाऊण हिश्शाइतका वर चढतो. गाण्यात हे जाणकाराच्या लक्षात येतं, संवादात सहसा येत नाही. पण वयस्क माणसाचा जड आवाज पातळ होतो आणि विराम आखडतात. पडताळणीसाठी लांबी पाहावी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटांचं. १३,५०० फुटांचा चित्रपट १५० मिनिटं चालला पाहिजे. नक्कल १४४ मिनिटांत संपत असेल आणि मधले काही प्रसंग गळलेले नसतील, तर ती २५च्या वेगाने केलेली आहे. अशी नक्कल संगणकावर पुन्हा २४वर आणता येते, फक्त चित्र आणि आवाज दोन्ही एकदमच उतरवावे लागतात. एकच उतरवलं तर ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते.

जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागून जुन्या चित्रपटांचा मोठा साठा गेला. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, त्यामुळे तिथे वाचवण्यासारखं फार काही उरत नाही. म्हणूनच प्रभातच्या चित्रपटांच्या ज्या प्रती आज हाती आहेत, त्या मूळ चौकटीत, मूळ वेगात आणि मराठी व हिंदी अशा वेगवेगळ्या नोंदींखाली जपणं महत्त्वाचं आहे. दोन आवृत्त्या एकच समजून त्यातली 'बरी' प्रत निवडली की दुसऱ्या आवृत्तीतला नट कायमचा जातो. 'अमृतमंथन'मध्ये तो नट दाते आहेत.

शांताराम यांच्या राजकमल या चित्रपटसंस्थेतलं दात्यांचं काम तुलनेने सुस्थितीत आहे. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'तले (१९४६) वडील लहान भूमिकेतही लक्षात राहतात, आणि 'झनक झनक पायल बाजे'तले (१९५५) नृत्यगुरू मंगल महाराज तर रंगीत चित्रपटातले आहेत. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'भक्तीचा मळा'चं (१९४४) नाव मात्र आता क्वचितच निघतं. मास्टर कृष्णरावांची भूमिका असलेला हा चित्रपट एखाद्या महोत्सवात 'कुंकू'च्या जोडीने लावला, तर नट आणि दिग्दर्शक असे दोन्ही दाते एका दिवसात पाहता येतील.

आपल्या दैनिकाकडून दोन अपेक्षा आहेत. प्रभातच्या चित्रपटाचं छायाचित्र छापताना ते कोणत्या भाषेतल्या आवृत्तीतलं आहे हे ओळीत लिहावं आणि नटाचं आडनाव गाळू नये. आणि जुन्या चित्रपटाच्या प्रक्षेपणाचं परीक्षण छापताना, तो कोणत्या चौकटीत दाखवला गेला हे परीक्षकाने जरूर नोंदवावं. वाहिन्या आणि महोत्सवांचे आयोजक वाचकांची पत्रं वाचत नसतील, पण परीक्षणं वाचतात.

आपला,
जुन्या मराठी बोलपटांचा एक अभ्यासक