रांगेत भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात तिकिटाच्या रांगेत मी घरी फोनवर बोलत होतो. मागून तुम्ही विचारलंत, “कुठलं गाव?” नगर म्हटल्यावर स्वतःचा बेत सोडून तुम्ही तीन तास माझ्यासोबत फिरलात. निघताना तुमचा पत्ता घ्यायचं सुचलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

मी शाळेत इतिहास शिकवतो. ‘पहिल्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी प्रथमच रणगाडे वापरले’ हे वाक्य फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना नेतो, तिथेही चिलखताची जाडी आणि तोफेचा पल्ला यांपलीकडे गेलो नव्हतो.

तुम्ही मला आधी एका मुखवट्यापाशी नेलंत. चामड्याचा, डोळ्यांवर बारीक फटींचे पत्रे, खाली लोंबणारी लोखंडी कड्यांची जाळी. मला ते नाटकातलं सोंग वाटलं. तुम्ही म्हणालात, “गोळी बाहेरून आपटली की पत्रा आतून खपल्या टाकतो, तापलेल्या. फटींतून शिशाचे शिंतोडे येतात. डोळे सांभाळायला हे.”

मग मार्क वन, लढाईत उतरलेला तो पहिला रणगाडा. जगात उरलेला तो एकच. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात काढलेला माणूस इंजिनाबद्दल कसा बोलतो, ते तिथे ऐकलं. १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन आठ माणसांच्या मधोमध, मध्ये आडोसा नाही. आत ५० अंशांपर्यंत उष्मा, वर धूर. चालवायलाच चौघं लागत: ड्रायव्हर, ब्रेकवर अधिकारी आणि मागे दोन्ही अंगांना एकेक गिअरवाला. त्या आवाजात हाक पोचत नसे, म्हणून ड्रायव्हर पान्याने इंजिनाच्या झाकणावर ठोकायचा आणि हाताने खूण करायचा. तुम्ही हवेत ठोकून दाखवलंत. त्या पहिल्या तुकड्यांत मोटारसायकलींच्या मासिकातून आवाहन करून जमवलेले तरुण होते, हे कळल्यावर “म्हणजे आमच्याच धंद्यातली पोरं” म्हणालात आणि बराच वेळ गप्प राहिलात.

१५ सप्टेंबरच्या त्या सकाळी ४९ रणगाड्यांपैकी ३२च हल्ल्याच्या जागी पोचले. हा आकडा मी यंत्राचं अपयश म्हणून सांगायचो. आता मुलांना ३२ला ८ने गुणायला लावतो.

गेल्या आठवड्यात मैदानावर फक्कीने आठ मीटर लांबीचा मार्क वन आखला. आत आठ मुलं, मधोमध इंजिन म्हणून दोन बाकं. बाकीच्या वर्गाने भोवती आरडाओरडा करायचा. ड्रायव्हर झालेल्या मुलीने स्टीलचा डबा ठोकला. मागच्या दोघांना ऐकूच गेला नाही. तिने पुन्हा ठोकला, जोरात.

काका, नगरला आलात तर शाळेत या. पान्याची ती खूण मुलांना तुमच्या हातून बघायची आहे.

तुमचा,
रांगेतला नगरचा मास्तर