चॅसी नंबरवरचा चिखल पुसणाऱ्या कस्टम साहेबांना

साहेब,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि हे पत्र तुम्हाला वाचताही येणार नाही. तरी लिहितो आहे. काल माझ्या मोटरसायकलचं कार्ने, म्हणजे गाडी परदेशात तात्पुरती नेण्यासाठीचं कस्टमचं पुस्तक, रीतसर बंद झालं, तारण ठेवलेली रक्कम परत मिळाली, आणि पहिल्यांदा आठवला तो तुमचा रुमाल.

तुमच्या देशात शिरताना एका बाबूने कार्नेच्या पानावरची आयातीची पावती फाडून घेतली, पण माझ्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर शिक्का मारलाच नाही. विचारलं तर वर न बघता हातानेच ‘चला पुढे’ केलं. बाहेर पडताना तुमच्या शेजारच्या खिडकीने तेवढ्यावरून मला दोन तास उभं केलं. शिक्का हवा तर आलात त्या नाक्यावर परत जा, म्हणजे दीड हजार किलोमीटर मागे, नाहीतर गाडी इथेच राहील.

कार्नेवर गाडी नेलेल्यालाच यातली धास्ती कळेल. गाडी परत नेणार या हमीवरच ती जकात न भरता आत येते. बाहेर पडल्याची नोंद नसली की कागदोपत्री ती तिथेच राहिली, आणि आयात शुल्काची मागणी आपल्या तारणावर. माझी सात वर्षांची शिल्लक त्यात होती.

तुम्ही कार्ने मागून घेतलंत, त्या नाक्यावर फोन लावलात, त्यांच्याकडची पावती शोधायला लावलीत. चॅसी नंबर कागदावरून वाचला असतात तरी भागलं असतं. पण तुम्ही पावसात बाहेर आलात, गाडीशी उकिडवे बसलात, हँडलखालचा चिखल स्वतःच्या पांढऱ्या रुमालाने पुसलात आणि १७ च्या १७ अक्षरं-आकडे बोट ठेवून फोनवर वाचलेत. एका जागी ८ की बी असा घोळ झाला, तर पुन्हा पुसून पाहिलंत.

मी सूट मागितली नव्हती, तुम्ही दिलीही नाहीत. नियम पुरता पाळलात, माझ्यासाठी राबून पाळलात. परक्या मुलखात, भाषाही न कळणाऱ्या माणसासाठी कुणी आपलं काम इतकं मनापासून करतं, तेव्हा केवढा धीर येतो! अशी माणसं प्रत्येक नाक्यावर एकेक असली तरी पुरे.

शिक्के मारल्यावर शाई वाळावी म्हणून तुम्ही पानावर फुंकर घातलीत. मग चिखलाने माखलेला तो रुमाल घडी करून खिशात ठेवलात. माझ्या पिशवीत स्वच्छ फडकं होतं, साहेब. ते पुढे करायचं मला सुचलं नाही, हे अजून मनाला लागून राहिलं आहे.

तुमचा ऋणी,
त्या रात्रीचा शेवटचा मोटरसायकलवाला