शाखांच्या ओरॅकल क्लायंटसाठी ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

वसई, कल्याण, पनवेलच्या आपल्या बँकेच्या शाखांमध्ये ओरॅकल क्लायंट (शाखेतल्या मशीनला ओरॅकल डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) बसला. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही समजावलेलं शाखा सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

पहिले आभार ‘अख्खा क्लायंट पाठवू नका’ या सल्ल्याचे. एक गिगाबाइटचा इन्स्टॉलर २ एमबीपीएसच्या लाइनवरून ओढायला, लाइन रिकामी असली तरी, तासाच्या वर जातो. दहा मशीनना थेट फोर्टच्या मुख्य कार्यालयातून द्यायचा तर अकरा तास, आणि तेवढा वेळ काउंटर ठप्प. तुमची रीत साधी: इन्स्टंट क्लायंटची (त्याच क्लायंटच्या छोट्या आवृत्तीची) झिप रात्री शाखेतल्या एकाच मशीनवर रोबोकॉपीने (विंडोजच्या फाइल-कॉपी कमांडने) उतरवायची, बाकीच्यांनी तिथून लॅनवर, म्हणजे शाखेतल्या अंतर्गत नेटवर्कवर, घ्यायची. रोबोकॉपीला ‘झेड’ पर्याय द्यायचा, म्हणजे लाइन तुटली तरी फाइल पहिल्यापासून ओढावी लागत नाही. सोबत योग्य आवृत्तीचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टच्या सहाय्यक फाइलींचा संच) हवंच, नाहीतर डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर लोड होत नाही.

३२ आणि ६४ बिटचा गोंधळही तुम्हीच सोडवलात. एक्सेल ३२ बिटचं असेल तर विंडोज ६४ बिटचं असूनही ड्रायव्हर ३२ बिटचाच लागतो. आणि ३२ बिटचं ओडीबीसी पॅनेल (डेटाबेसच्या जोडण्या नोंदवायची विंडोजची खिडकी) ‘सिसवॉव६४’ फोल्डरमध्ये असतं, ६४ बिटचं ‘सिस्टम३२’मध्ये! नावं उलटी वाटतात, म्हणून डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, भलत्याच पॅनेलमध्ये तयार होतो आणि एक्सेलला दिसत नाही.

ओआरए-१२१५४ (डेटाबेसचं नाव क्लायंटला ओळखता आलं नाही, ही चूक) आला की आधी टीएनएस_अ‍ॅडमिन तपासायचं; टीएनएसनेम्सची फाइल कुठे आहे हे ते क्लायंटला सांगतं. डेटाबेसची नावं आणि पत्ते असलेली ही टीएनएसनेम्सची फाइल शेअरवर (सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये) एकच ठेवणं सोयीचं वाटतं, पण डेटाबेस चालू असताना फाइल सर्व्हर बसला तरी सगळ्या शाखांचं लॉगिन अडतं. म्हणून मूळ प्रत फोर्टला, आणि रोज रात्री प्रत्येक मशीनवर तिची नक्कल. नाव बरोबर असूनही क्लायंट विचित्र वागला, तर पाथमध्ये (विंडोज फाइली शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जुनी ओसीआय डीएलएल, म्हणजे ओरॅकल क्लायंटची मुख्य फाइल, पुढे बसलेली असते. ‘व्हेअर’ कमांड ती लगेच दाखवते.

सगळ्यात मोलाचं म्हणजे फेऱ्यांचं, म्हणजे शाखेतून सर्व्हरपर्यंतच्या ये-जांचं, गणित. आम्ही बँडविड्थ वाढवून मागत होतो. तुम्ही विचारलंत, एका फेरीत किती ओळी येतात? जेडीबीसीचा (जावा प्रोग्रामना ओरॅकलशी जोडणाऱ्या ड्रायव्हरचा) मूळ आकडा १०. पाच हजार ओळींना ५०० फेऱ्या, प्रत्येकी ४० मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद नुसती ये-जा. हा आकडा, म्हणजे फेच साइज, ५०० केला की फेऱ्या १०, ये-जा अर्ध्या सेकंदाच्या आत. जाड लाइनने ही ये-जा कमी झाली नसती.

जेवणाच्या सुट्टीनंतर जोडणी तुटायची, तीही फायरवॉल निष्क्रिय जोडण्या कापत असल्याने. सर्व्हरवर एक्स्पायर टाइम (जोडणी जिवंत आहे का हे सर्व्हर किती वेळाने तपासतो ते) १० मिनिटं ठेवल्यावर ते थांबलं. एसक्यूएल प्लसच्या (ओरॅकलच्या कमांड-साधनाच्या) अहवालांत ग्राहकांची देवनागरी नावं उलटी प्रश्नचिन्हं होऊन यायची. तिथे एनएलएस_लँगचा (क्लायंटची भाषा आणि अक्षरं ठरवणाऱ्या सेटिंगचा) कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ (ओरॅकलचं युनिकोड) केला, आणि आता नावं नीट छापली जातात. पासबुकावर स्वतःचं नाव वाचू न शकणाऱ्या आजींसाठी हे फार मोठं आहे, ताई.

चर्चगेटची शाखा अजून राहिली आहे. तिथली लाइन मोजून फेऱ्यांचे आकडे तुम्हाला पाठवतो.

तुमची ऋणी,
शाखा-सपोर्ट टीम, मुंबई