अंधेरीत सामनाच नाही, मग ‘घरचा विजय’ कसला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग, देशातली फुटबॉल लीग) संघांची ‘घरच्या मैदानावर बलवान कोण’ ही क्रमवारी आपल्या क्रीडापानावर वाचली. अनेक हंगामांतले घरचे विजय नुसते मोजून ती लावलेली दिसते. त्यात २०२०-२१ आणि २०२१-२२ हेही हंगाम धरलेत, आणि तिथेच हिशेब फसतो. करोनामुळे त्या दोन्ही वर्षी अख्खी लीग गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. पहिल्या वर्षी संघ अकरा, मैदानं तीन! कार्यक्रमपत्रिकेत कुणाला तरी यजमान लिहायचं म्हणून लिहिलं जायचं. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग जिंकली, अंतिम सामनाही जिंकला, पण अंधेरीतल्या त्यांच्या घरच्या मैदानावर त्या हंगामात चेंडूला कुणी पाय लावला नाही. (एफसी गोवा घरी होता खरा, पण रिकाम्या खुर्च्यांपुढे.)

शिवाय, घरी भरपूर जिंकणाऱ्या संघाला घरच्या मैदानाचाच फायदा होतो, असं कुठे आहे? मुळातच तगडा संघ कुठेही जिंकतो. फायदा मोजायचा तर घरच्या कमाईतून बाहेरची वजा करावी लागते. मँचेस्टर युनायटेडचा २०२०-२१ चा हंगाम घ्या. घरी, ओल्ड ट्रॅफर्डवर ९ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव, म्हणजे ३१ गुण. बाहेर १२ विजय, ७ बरोबरी आणि पराभव एकही नाही, म्हणजे ४३ गुण. एकूण ७४ आणि दुसरा क्रमांक. आपल्या पद्धतीने त्यांचा बाहेरचा पराक्रम दिसलाच नसता. त्या वर्षी इंग्लंडमध्येही बहुतेक सामने प्रेक्षकांविना झाले आणि तिथल्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले, यजमानांनी १४४.

बरं, हा फायदा सगळ्या काळात सारखाही नसतो. बाहेर केलेल्या गोलला जादा मोल देणारा १९६५ पासूनचा नियम युएफाने (युरोपातली फुटबॉल संघटना) २०२१ मध्ये काढला, तेव्हा आकडेच पुढे केले होते : सत्तरच्या दशकाच्या मध्याला यजमानांचे विजय ६१ टक्के, पाहुण्यांचे १९, अलीकडे ४७ आणि ३०. तेव्हा दहा वर्षांची बेरीज एकाच टोपलीत टाकून काय साधणार?

आमच्या कोल्हापुरात ही भानगडच नाही. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, तालमींचे सगळे संघ शाहू स्टेडियमवरच भिडतात आणि आपापल्या पेठा सोबत घेऊन येतात.

पुढच्या वेळी एवढं करा. विजयांऐवजी गोल धरा, कारण ५-० ला आणि १-० ला गुण तीनच मिळतात. केलेले आणि खाल्लेले गोल, घरचे वेगळे आणि बाहेरचे वेगळे, असे चार रकाने द्या. हंगाम अर्ध्यावर असेल तर कुणाशी घरी खेळून झालंय आणि कुणाशी बाहेर, तेही पाहा. तळाचे संघ घरी येऊन गेलेला संघ उगाच वर दिसतो. दहा-बारा सामन्यांवरून एखाद्या संघाला पहिला नंबर देण्याची घाई नको, एवढ्या थोड्या आकड्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. आणि गोव्यातले ते दोन हंगाम तेवढे वगळा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर